गुरुवारची अदलाबदल

— न्हाई न्हाई, तिथं उन्हात उभं राहू नका जळबाकाका, असं इकडं या, गोठ्याच्या सावलीला — या म्हनतो ना, घरी कोनी न्हाई. दादा न्हाई, नाना न्हाई, समदे वसमतला लग्नाला गेले, दिवस मावळल्याबिगर यायचे न्हाईत. माय आत निजली हाय. तुमी बी ते पाहूनच आले असाल, व्हय ना? बराबर केलं. नाना घरी असता अन् तुमी आमच्या अंगनात पाय ठेवला असता तर — जाऊ द्या. मी आपला कुराडीनं कडबा तोडून राहिलो, हात चालू ठेवतो, तुमी मनाला लावून घेऊ नका. हात थांबला की मला काही सुचत न्हाई आजकाल. बसा, त्या ओंडक्यावर बसा. न्हाई बसत? बरं, उभे ऱ्हा. मला म्हाईत हाय तुमी काहून आले. उद्या परभणीला तारीख हाय. भिवाजीच्या खुनाची. तुमच्या पोराला मारताना मी पाह्यलं, असं म्हननारा साऱ्या गावात एकच साक्षीदार हाय, अन् तो मी, माणिक किसनराव. अन् आरोपी नंबर एक कोन? माहा सख्खा चुलता शेषराव, ज्याला आमी नाना म्हनतो. जामिनावर सुटला, आज लग्नात मांडी घालून जेवून राहिला असंल. तर तुमी इचारायला आले — माणिक, उद्या तू येतो का न्हाई? हेच ना? मान तरी हालवा. हां.

आधी पानी घ्या. घ्या ना, हा घरातला गिलास हाय, वळचनीला खोसलेला तो कान तुटका कप न्हाई. धा वर्सं तुमी इथं सालदार होते अन् धा वर्सं त्याच कपात च्या प्याले, तो मी गेल्या साली आपटून फोडला. कोनी सांगतलं न्हवतं. असाच, एक दिवस दिसला अन् फोडला. माय पाहील तर हा गिलास विस्तवात घालून काढंल, काढू दे, मी आता वकील होनार हाय, पयल्या वर्साची परीक्षा देऊन आलो कालपरवाच. नको पानी? बरं, इथं ठेवतो. तुमी शिकवलं मला कॅनॉलात पवायला, आठवतं का? मला अन् भिवाजीला, एकाच दिवशी, पोटाखाली हात धरून. पान्यात तुमचा हात चालायचा, काठावर आलं की चालायचा न्हाई. असं आमच्या घरचं शास्त्र. मी दादाला, माह्या बापाला, एकदा इचारलं तर दादानं पायतानानं शास्त्र समजावून सांगतलं.

आमी चौकीत काय करत होतो ते तुमाला धड म्हाईत न्हाई, काका. तुमाला वाटायचं पोरं अभ्यास करून राहिले. तेच करत होतो, दुसरं काय? कॅनॉलवरची ती पाटकऱ्याची चौकी, पाटकरी गेल्यापासून रिकामी — भिवाजी, मी, अन् तांड्यावरचा रतनसिंग. तिघं बी.ए. झालो, तिघाला बी वकील व्हायचं. लॉ कॉलेजात आधी फॉर्म भरला की ॲडमिशन, पन त्या साली फॉर्म आले चारशे अन् जागा साठ, मंग त्यांनी परीक्षा ठेवली. इंग्रजी, जनरल नॉलेज, अन् कायद्याचे सवाल. कायद्याचे म्हंजे कसे? एक नियम देनार, खाली एक घटना देनार, अन् इचारनार — सांग, हा गुन्हा झाला का न्हाई? झाला तर कोनाचा? आता गाईड एकच. पुन्याहून पोष्टानं, व्ही.पी.नं मागवलेलं, तिघात एक. भिवाजीनं काय केलं, दाढीचं ब्लेड काढलं अन् शिवन कापून पुस्तकाचे तीन भाग केले. मी म्हनलो, अरे सरस्वती हाय ती, कापतो काय! तो म्हनला, माणिक, तू तिच्या पाया पड, मी तिला वाचतो, पाहू कोन पास होतं. लई टोकदार बोलायचं ते पोरगं. दाभनानं तीन भाग शिवले, वर शिमिटाच्या पोत्याच्या कागदाचं कव्हर लावलं, अन् दर गुरुवारी, दिवस कलायच्या टायमाला, चौकीत अदलाबदल. माहा भाग रतनसिंगला, त्याचा भिवाजीला, भिवाजीचा मला. ताप येवो, पूर येवो, घरी मयत होवो, गुरुवार चुकवायचा न्हाई. रतनसिंगची आजी गेली त्या दिवशी त्यो डोक्याचं मुंडन करून, वल्ल्या डोक्यानं आला अन् भाग देऊन गेला. असा आमचा नेम. भिवाजीनंच घातलेला. तो म्हनायचा, एकानं चुकवलं तर दोघांचा आठवडा बुडतो.

अन् भाग बदलले की कोर्ट भरवायचं. एक जज्ज, एक वकील, एक आरोपी. परभणीला एकदा आमी कोर्ट पाहून आलो होतो, तिथं पट्टेवाला दारात येऊन पुकारा करतो — अमुक अमुक हाजिर है? तीन येळा. निजामाच्या राज्यातला पुकारा, राज्य गेलं, पुकारा राह्यला. मंग आमी बी तसंच. जो आधी येईल त्यानं आतून कडी लावायची, मागून येनाऱ्यानं भाईर उभं राहून त्याच्या नावाचा पुकारा करायचा, बापाच्या नावासकट — तवा आतला 'हाजिर!' म्हनून दार काढनार. दुसऱ्या कोनाला दार काढायचं न्हाई. पोरखेळ म्हना. चोवीस-चोवीस वर्साचे घोडे अन् दाराशी पुकारे करून राहिले. पन काका, तेवढा हासलो न्हाई मी कवा. आमच्या घरात कोनी हासत न्हाई, पाह्यलं तुमी.

खरं सांगतो, लई हुशार होता. रतनसिंग पाठ करायचा, मी — मी आपलं ढकलायचो. अन् भिवाजी? नियम वाचला की त्याला घटना दिसायची, मान्सं दिसायची. सराव पेपर घ्यायचो आमी, शंभर मार्काचा, त्याला ब्याऐंशी, रतनसिंगला साठ, मला एकेचाळीस. मंग बेचाळीस. मंग पुन्हा एकेचाळीस. पाटलाच्या घरचा मी, दोन इहिरीचं रान, हिंगोलीला खोली करून शिकलो, अन् एकेचाळीस. एक दिवस तो म्हनला, माणिक, राग नको मानू, पन औंदा तुहं होत न्हाई, कायदा कच्चा हाय तुहा, पुढच्या वर्सी दे, मी तवर पयल्या वर्साला असंन, मी शिकवतो तुला. पिरमानंच म्हनला. पिरमानं म्हनला म्हनून तर — तुमच्या सालदाराचं पोरगं तुमाला म्हनतं, मी शिकवतो! म्हंजे तुमी न्हाई, काका, मी आमच्या घरच्यांचं बोलून राहिलो. त्यांना कळलं असतं तर त्यांना कसं वाटलं असतं, तेवढंच. मला काही वाटलं न्हाई. मी हासलो.

मंग तो ठराव झाला मुंबईला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, अन् हिकडं मान्सं पिसाळली. ज्यानं विद्यापीठाची पायरी पाह्यली न्हाई तो छाती बडवू लागला — आमचं विद्यापीठ गेलं! दादा अंगठेबहाद्दर, दादाचं विद्यापीठ गेलं! अन् तुमच्या पोरानं काय करावं? औंढ्याच्या स्टँडवर पेढे वाटले. वाटले तर वाटले, नाना येष्टीतून उतरला तर नानापुढं बी पेढा धरला. नानानं तिथंच कानफाटात मारली, पेढे धुरळ्यात. अन् हा उठला, अंग झटकलं, अन् म्हनला काय — 'शेषराव, तीनशे तेवीस. चार साक्षीदार हायेत.' शेषराव म्हनला! नाना न्हाई, पाटील न्हाई, शेषराव. नानाला कलम बी समजलं न्हाई. घरी येऊन मला इचारतो, हे तीनशे तेवीस काय हाय बे? मी सांगतलं, मारहान, एक वर्साची शिक्षा. ओसरीवर बसून कुराडीला धार लावली त्यानं. हीच कुराड न्हाई, ती पोलिसांनी नेली, ही दुसरी.

मंगळवारी तुमची वस्ती पेटवली. ते मी तुमाला काय सांगू, तुमी आतच होते. अकरा घरं. तुमच्या घरच्या जनकामायचे हात भाजले ना शेळी सोडवताना? आता कसे हायेत? बोटं मिटतात का? — इहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं, ते कोनी टाकलं ते बी मला म्हाईत हाय. मी न्हाई काही केलं. मी नुसता राकेलचा डबा धरला होता, वतला न्हाई. नाना म्हनला धर, मी धरला. तरी बी बेकायदेशीर जमावात जो नुसता उभा राह्यला तो बी पेटवनाऱ्याएवढाच गुन्हेगार, एकशे एकोनपन्नास, हा नियम पयल्यांदा मला भिवाजीनं समजावला होता, चौकीच्या भिंतीवर कोळशानं चित्र काढून. धा मान्सं काढली, नवाच्या हातात काठ्या, धाव्याच्या हातात काही न्हाई. म्हनला, सांग, धावा सुटंल का? मी म्हनलो, सुटंल. शून्य मार्क, म्हनला तो.

तुमी समदे हिंगोलीला सोयऱ्याकडं गेले. भिवाजी बी. तिथं तो सलामत होता. बुधवार गेला, गुरुवार आला — तीन रोजानं, रविवारी, परीक्षा. गावात जायला-यायला रस्ते बंद, येष्ट्या बंद, फाट्या-फाट्यावर काठ्या घेऊन पोरं उभी. अन् हा रानारानानं, जवारीतून, नाल्यातून, हिंगोलीहून पायी आला. काहून आला? तुमी वर्सभर हेच इचारून राहिले असाल, रातंदिस. भांडायला आला? घर पाहायला आला? पोलिसांनी लिवलं — कपडे न्यायला आला असावा. हॅट. गुरुवार होता, काका! कायद्याचा भाग त्याच्याकडं होता, अन् पाळी माही होती. माहा कायदा कच्चा ना. शेवटचे तीन दिवस तो भाग मला पायजे होता. तो देऊन माघारी जानार होता.

मंग काय, नानाच्या लोकांना तो दिसला अन् — असं मी पोलिसात सांगतलं. दिसला, धरला. मी भरावावर उभा होतो, लांबून पाह्यलं. तुमी असं पाहू नका माह्याकडं. सांगतलं ना, लांबून. ... आता तुमी इचारसाल, त्यांना कसं कळलं तो चौकीत हाय? इचारत न्हाई? इचारा ना! नानाच्या वकिलानं इचारलं, फौजदारानं इचारलं, तुमी काहून इचारत न्हाई? बरं, सांगतो. नानानं मला धरलं. ह्याच गोठ्यात, ह्या गव्हानीत माही मुंडी दाबली अन् म्हनला, तुहा दोस्त कुठंय ते बोल, न्हाई तर तुलाच हितं गाडतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पाठ काळीनिळी. माह्या जागी कोनी बी असता तरी बोलला असता. तुमी बी बोलले असते.

न्हाई. तुमी बोलले नसते. तुमी आता बी बोलून न्हाई राहिले.

काका, तो मार नंतरचा हाय. मी पोलिसात नानाचं नाव घेतलं तवाचा. कुराडीचा दांडा गोताला काळ, म्हनून दादानं अन् नानानं मिळून मारलं तवा पाठ काळी झाली. त्या बुधवारी मला कोनी बोट लावलं न्हाई. आमी जेवून राहिलो होतो. माय वाढत होती. नाना सहज म्हनला, ते पेढेवालं बेनं पळालं वाटतं कुठं तरी. दादा म्हनला, पळालं. मला कोनी इचारलं बी न्हवतं. माह्या हातात भाकरीचा तुकडा होता, पिठल्यात बुडवलेला, अन् मी म्हनलो — उद्या गुरुवार हाय. बस. एवढंच. कुठंय ते मला म्हाईत न्हाई, पन उद्या गुरुवार हाय, तो चौकीत येतो, त्याचा नेम हाय, चुकवत न्हाई. आन तुकडा तोंडात घातला. माय वाढता वाढता थांबली. नानानं माह्याकडं पाह्यलं, पयल्यांदा चांगल्या नदरेनं पाह्यलं, जलमात पयल्यांदा, अन् मायला म्हनला, पोराला तूप वाढ.

काहून बोललो? मला वाटलं दोन थापडा मारतील. हात पिरगाळतील. रविवारी पेपर लिवता येनार न्हाई एवढं — हे बी मला वाटलं, काका, खोटं काहून बोलू, साठ जागा, एक जागा मोकळी. मी काही मरन नव्हतं मागतलं त्याचं. एक वर्स मागतलं. त्यानं मला म्हनलं ना पुढच्या वर्सी दे, मंग मला वाटलं तूच दे पुढच्या वर्सी.

ह्या कडब्याच्या कांड्या पाहा कशा सुटतात — धार चांगली हाय. मागं सरका जरा. कांडी उडंल.

गुरुवारी दिवस कलायला मला बी नेलं. सहा जन ते, सातवा मी. चौकीला आतून कडी. नानानं लाथ मारली, दार हाललं न्हाई, सागवानी हाय सरकारी. आतून हुं का चुं न्हाई. एकजन म्हनला, कोनी न्हाई आत, चला. काका, ते चाललेच होते. नाना बी वळला होता. भरावावरून दहा पावलं गेले असते तर तुमचा पोरगा आज — मीच म्हनलो, थांबा. म्हनलो, मला काढंल दार. नाना म्हनला, तुला कसं? मी काही सांगतलं न्हाई. दारापुढं गेलो अन् पुकारा केला. भिवाजी जळबा हाजिर है? कुत्रं केकाटावं तसा आवाज निघाला माहा. भिवाजी जळबा हाजिर है? तुमचं नाव घेतलं काका, तुमच्या नावासकट. तिसरा करायच्या आत कडी वाजली. 'हाजिर!' म्हनला अन् दार काढलं. त्याला वाटलं, लाथ मारनारे गेले अन् मंग मी आलो. हातात तो भाग होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. मला म्हनला, घे लवकर, कलमं तेवढी पाठ कर, तुहं तेच कच्चं हाय. एवढं बोलला. मंग माह्या खांद्यावरून त्याला मागचे दिसले.

नानानं पयली काठी मनगटावर मारली. पिशवी खाली. अन् भिवाजी काय म्हनला? 'तीनशे तेवीस.' नानाकडं पाहून. दुसरी काठी, तिसरी, कोपराचं हाड मोडल्याचा आवाज मला आला, वल्ली फांदी मोडते तसा, अन् हा खाली बसला, दात आवळून म्हनतो, 'तीनशे पंचवीस.' नाना पिसाळला. म्हनला, अजून कायदा सांगतो! कोनी तरी पाय धरले. नानानं कुराड घेतली. खांद्यावर बसली, रगत असं भिंतीवर, कोळशाच्या चित्रावर. तरी त्याचा व्होट हालला — 'सव्वीस' म्हनला, तीनशे बी निघालं न्हाई तोंडातून. अन् काका, समदा येळ तो नानाकडं पाहतच न्हवता. माह्याकडं पाहत होता. सराव पेपरात पाहायचा तसा, बोल बोल, पुढचं काय? पुढचं मला म्हाईत होतं. मी बोललो न्हाई. नानानं आनखीन दोन घातले, मंग थांबला, मंग मीच मनात म्हनलो — तीनशे दोन. त्यांनी त्याला पायाला धरून भरावावरून वढत नेलं अन् कॅनॉलात सोडलं. पवायला येत होतं त्याला. तुमी शिकवलेलं. हात पान्यात एकदा हालला, का पान्यानं हालवला, मला म्हाईत न्हाई, मी रोज इचार करतो अन् मला कळत न्हाई. सकाळी पोलिसांसंगं हिंगोलीहून येऊन गेटाच्या फळ्याला अडकलेला तुमीच काढला ना?

अन् मी काय केलं त्या टायमाला? समदे कॅनॉलाकडं गेले तवा मी ती पिशवी उचलली. सदऱ्याच्या आत घातली. तीन दिवस तो भाग वाचला, माळवदावर बसून, वरून तुमची जळालेली वस्ती दिसायची. असा अभ्यास मी जलमात केला न्हाई. समदी कलमं डोक्यात बसत गेली, एक बी चुकंना. रविवारी पेपर दिला. रतनसिंग आला न्हाई, त्यानं तो नादच सोडला, आता ट्रकवर क्लीनर हाय म्हनतात. मला अडुसष्ट मार्क पडले. एकेचाळीसचे अडुसष्ट! पेपर देऊन येष्टीतून उतरलो अन् घरी जायच्या ऐवजी पोलिसाच्या चौकीत गेलो, फौजदारापुढं भडभडून आलं, नानाचं अन् त्या पाच जनांचं नाव सांगून मोकळा झालो. सातवा कोन ते सांगतलं न्हाई. ती माही साक्ष. त्या साक्षीवर तुमची केस उभी हाय.

अन् नानाचा वकील मला सांगून राहिला, उद्या कोर्टात म्हन, पोलिसांनी मारून लिहून घेतलं, सुटशील. दादा म्हनतो, न्हाई तर घराला पाठ कर. माय काही म्हनत न्हाई, माय त्या बुधवारपासून मला तूप वाढत न्हाई, मी मागतलं तरी. मला त्या कोर्टात जायला होत न्हाई काका! दारात तो पट्टेवाला उभा राहनार अन् माह्या नावानं वरडनार, बापाच्या नावासकट, तीन येळा. कसं जाऊ? सांगा, कसं जाऊ? — बोला ना! एक शिवी तरी द्या! सारं ऐकून घेतलं अन् उभेच, डोळ्यात पानी न्हाई, तोंडात शबुद न्हाई, हे काय मानसाचं वागनं हाय? ही घ्या, ही कुराड घ्या, मी मान खाली घालतो, हितं, ह्या ओंडक्यावर. न्हाई घेत? मारायची हिंमत न्हाई तुमच्यात, कवाच न्हवती, धा वर्सं त्या कपात च्या प्याले, आमच्या दादानं लाथ मारली तरी पाया पडले — भिवाजीला लाज वाटायची तुमची, म्हाईत हाय? न्हाई. खोटं बोललो. त्याला कवाच वाटली न्हाई. मला वाटायची.

कुठं चालले? थांबा. थांबा म्हनतो ना! माह्या हातात काय हाय ते पाह्यलं न्हाई का? तिथंच उभे ऱ्हा. मी — मी काय काय बोललो आत्ता? गुरुवारचं बोललो? पुकाऱ्याचं बी बोललो? हे मी फौजदारापुढं बोललो न्हाई, मायपुढं बोललो न्हाई. अन् बोललो असतो तरी, पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत न्हाई, पंचवीस कलम, पुराव्याचा कायदा. पन पोलीस नसलेल्या मानसापुढं दिली तर? आला होता हा सवाल पेपरात. आरोपीनं कोनाचा धाक नसताना, कोनी लालूच दावली नसताना, सोताहून, पोलीस नसलेल्या मानसापुढं गुन्हा कबूल केला, तर तो पुरावा चालंल का? मी लिवलं, चालंल. पुरे मार्क.

तुमी पोलीस न्हाई. तुमी धाक घातला न्हाई. तुमी एक शबुद बोलला न्हाई.

आता तुमाला हितून जाऊ दिलं तर — अन् न जाऊ दिलं तर, काका, हितं कोन पाहून राहिलं? माय निजलेली. घाबरले? घाबरा. मी नानाचाच पुतन्या हाय. ... मी उद्या येनार न्हाई. नानाकडं बोट करायला माहा हात उठनार न्हाई, मला म्हाईत हाय, मी मला वळखतो. तुमी जा. सरकारी वकिलाला गाठा अन् सांगा, माणिकनं मला त्याच्या गोठ्यात सोताहून सांगतलं, बुधवारचं, पुकाऱ्याचं, समदं. सोताहून म्हना, ते इसरू नका. मंग मलाच धरतील, मंग पुकारा झाला तरी माह्या पायानं जायची गरज पडनार न्हाई, पोलीस नेतील. फाट्यावर चारची येष्टी भेटंल, धावत गेले तर भेटंल. जा. दादाची गाडी यायच्या आत जा. पळा ना! मी कुराड खाली ठेवली न्हाई अजून, माहा काही भरवसा न्हाई — जा म्हनतो ना!